प्रति: सिरॉसिस (यकृत कायमचं खराब होऊन निबर होणं) असताना झालेली कावीळ

‘ई’ची कावीळ, म्हणजे दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूची, आपसूक उतरते असं म्हणतात; ते धडधाकट माणसापुरतं खरं. सिरॉसिसवाल्याच्या यकृतात तेवढी ताकद शिल्लकच नसते. एसजीपीटीच्या (यकृताला सूज असल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) आकड्यावर अडकू नका. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य) ५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या वर गेलं, त्यात पोटात पाणी किंवा दिवसा झोप-रात्री जाग, असंबद्ध बोलणं दिसलं, तर त्याच दिवशी यकृततज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा. गावठी औषध, झोपेची गोळी अजिबात नको. हिपॅटायटिस ‘बी’ची लस इथे उपयोगी नाही, आयजीएम एचईव्ही (‘ई’ची ताजी लागण दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.

लागण २ ते १० आठवडे आधीची असते, म्हणून कालचा वडापाव नव्हे, मागच्या महिन्यातलं पाणी आठवा. ठाण्यात पावसाळ्यात सोसायटीची जमिनीखालची टाकी आधी बघा: झाकण गटाराच्या पातळीला असेल तर घाण आत शिरते, संपलंच. साध्या कँडल फिल्टरवर विसंबू नका, पाणी खळखळून उकळाच.