या शनिवार-रविवारी पातेल्यात काय? घरी बिअर करणाऱ्यांनी लिहा

लेबर डेची सुट्टी जोडून येते आहे. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात घरी बिअर करणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. काय करणार, का, किती अंशांना आंबवणार, ते सविस्तर लिहा. नुसतं 'आयपीए (एक कडवट बिअर) लावतोय' एवढ्यावर सोडू नका.

सुरुवात मी करतो. मी सिअ‍ॅटलला असतो. डोंगर ओलांडला की याकिमा खोरं. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं; अमेरिकेतले बहुतेक तिथलेच. सध्या तोडणी चालू आहे, आणि वेलीवरून उतरवलेले, न वाळवलेले हॉप्स मिळायचे दिवस हेच. त्यांत ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून वजनाला सुक्यांच्या पाचपट तरी घ्यायचे आणि शक्यतो २४ तासांत संपवायचे. शनिवारी पहाटे जाऊन कॅस्केड जातीचे हॉप्स आणणार. ५ गॅलनसाठी पावणेपाच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), मॅश म्हणजे ते गरम पाण्यात भिजवणं, ६७ अंशांवर तासभर. कडवटपणासाठी मात्र सुकेच हॉप्स, कारण पाकिटावर अल्फा आम्लाचं (कडवटपणा त्याचाच) प्रमाण छापलेलं असतं. ओल्यांत ते किती, हे घरी मोजता येत नाही. ओले सगळे आच बंद केल्यावर. त्यांचा हिरवा, संत्र्याच्या सालीसारखा वास सुक्या हॉप्सच्या गोळ्यांना कधीच येत नाही.

ह्यूस्टनहून
आमच्याकडे अजून उन्हाळाच. गॅरेजमध्ये ३५ अंश. एवढ्या उष्णतेत नेहमीचं एल बिअरचं यीस्ट (आंबवणारं किण्व) टाकलं तर थिनरसारखा वास येतो. मी नॉर्वेचं व्हॉस क्वाइक वापरते. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हे यीस्ट ३५ ते ४० अंशांतच खुलतं. तीन-चार दिवसांत आंबवण उरकतं आणि संत्र्याचा स्वाद येतो. वेगळा फ्रिज घेण्याआधी नवख्यांनी हेच वापरून पाहावं, असं मी मनापासून सांगेन.

मेलबर्नहून
इथे थंडी आता सरेल, त्यामुळे वर्षातली शेवटची पिल्सनर (थंडीत आंबवायची फिकट बिअर) याच आठवड्यात. १२ अंशांवर आंबवून मग जुन्या फ्रिजमध्ये १-२ अंशांवर महिना-दीड महिना. चेकियातल्या पिल्झेनमध्ये १८४२ साली ही बिअर जमली त्यात तिथल्या मऊ पाण्याचा मोठा वाटा होता. सुदैवाने आमच्या नळाचं पाणीही मऊ आहे, फक्त क्लोरीन काढावं लागतं. पिल्सनर माल्ट ९० मिनिटं झाकण न ठेवता उकळा, नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास राहतो.

पुण्याहून
महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे मी वाचकच. पण नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळणं हे आपल्या आज्या करतच आल्या. माल्टिंग ते हेच. या रविवारी त्या पिठाची आंबील करणार आहे. तिकडे कुणी नाचणीच्या माल्टची ग्लूटेनविरहित बिअर करून पाहावी, फार इच्छा आहे.

न्यू जर्सीहून
पहिल्यांदाच करतोय. दोन प्रश्न. सगळी भांडी निर्जंतुक करायची का? आणि कायद्याने किती चालते?

धागाकर्ता
उकळीआधीची भांडी स्वच्छ घासलेली पुरे. वर्ट (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) थंड झाल्यावर त्याला जे जे लागेल ते सगळं निर्जंतुकच हवं: नळी, झाकण, चमचा, यीस्टच्या पाकिटाची कात्रीसुद्धा. यात तडजोड नको. अमेरिकेच्या केंद्राचा कायदा १९७८ चा, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीचा. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. विकायची नाही. राज्याचे नियम वेगळे पाहा.

सॅन होजेहून
कोकमाची गोझं. गोझं ही जर्मनीतल्या गोस्लार-लाइपझिगकडची आंबट गव्हाची बिअर, तिच्यात मीठ आणि धणे असतातच, म्हणजे अर्धी वाट आपल्याच स्वयंपाकघरातून जाते. शुक्रवारी रात्री हॉप्स न घालता लॅक्टोबॅसिलस (आंबटपणा आणणारे जिवाणू), ३८ अंशांवर. हॉप्सने हे जिवाणू दबतात. शनिवारी-रविवारी उकळून यीस्ट.

ह्यूस्टनहून
ताई, कोकम कधी घालणार? आणि मीठ किती?

सॅन होजेहून
मुख्य आंबवण संपल्यावर, गरम पाण्यात भिजवून त्या पाण्यासकट. कोकम स्वतःच आंबट, म्हणून लॅक्टोचा आंबटपणा मी पीएच ३.६ लाच थांबवते. मीठ सगळ्यात शेवटी, चव घेऊन. आमसुलांना बहुतेक वेळा आधीच मीठ लावलेलं असतं, आणि ते पाकिटागणिक बदलतं.