रक्त निगेटिव्ह, पण कधी घेतलेलं?
डोक्याला मार लागल्यावर एस१००बी (मेंदूतून रक्तात येणारं एक प्रथिन) किती आहे ते रक्तात तपासतात. त्यावर ‘रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे डोक्याला काही झालं नाही’ असं म्हणतात, ते पटलं नाही. त्यातून एवढंच कळतं की सीटीत रक्तस्राव दिसायची शक्यता फार कमी. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, तरीही असू शकतं. शिवाय वेळ बघा. एस१००बी रक्तातून झपाट्याने उतरतं, म्हणून ०.१० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली म्हणजे निगेटिव्ह, ही मर्यादा मार लागल्यापासून ६ तासांच्या आतच धरायची. दुपारी पन्हाळ्याच्या घाटात गाडीवरून पडला आणि रात्री कोल्हापुरात रक्त दिलं, तर तो कमी आकडा फसवा.

उलट तालमीतल्या पैलवानाची नुसती बरगडी मोडली तरी एस१००बी वाढतं, कारण ते हाडं-चरबीतूनही येतं. जीएफएपी हे असंच तपासलं जाणारं दुसरं प्रथिन मेंदूपुरतं बरंच नेमकं, आणि टिकतंही जास्त. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र थेट सीटीच.