आईची माया आणि आपलं मन : तुमचे अनुभव लिहा

शहापूरची लेक
काल भाचीला अंगणवाडीत सोडायला गेलो होतो. वहिनी फाटकाबाहेर जाताच पोरीनं भोकाड पसरलं. न्यायला आल्यावर आईच्या कमरेला मिठी मारली आणि लगेच घसरगुंडीकडं पळाली. मुलं आणि आईचं नातं तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थबाईंनी अभ्यासलं ते हेच. आईची खात्री असलेलं मूल रडेल, पण तिला बघून शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं.
मला माझी कन्नड शाळा आठवली. घरी सगळं मराठी, बाईंचं एक अक्षर कळेना. आईलाही कन्नड येत नव्हतं. तरी भाकऱ्या थापताना मला पाटी घेऊन शेजारी बसवायची, "मला शिकव की हे" म्हणायची. पिठाच्या बोटानं परातीत अक्षर गिरवायची. माझी भीती त्या परातीतच गेली. तुम्हीही लिहा.

निपाणीकर
आई तंबाखूच्या वखारीत. पदराला एवढा उग्र वास की शिंका यायच्या, तरी त्यातच तोंड खुपसायचो. दिवसभर आज्जीजवळ. आई कामाला गेली की पोरं बिघडतात म्हणणाऱ्यांचा राग येतो. मनोविकारतज्ज्ञ बोल्बींच्या १९५१ च्या अहवालातसुद्धा मुलाला आई किंवा तिच्या जागी कायम असणारं माणूस हवं, असंच आहे.

खानापूर रोड
होय की! आम्हाला काकूनं वाढवलं. निपाणीकर, तिकडं पाऊस हाय काय? इथं चार दिवस झड लागलीय.

निपाणीकर
नुसतं आभाळ.

चिकोडीहून
जेवण, कपडे, फी सगळं वेळेवर. जवळ मात्र आईनं कधी घेतलं नाही. हार्लो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं माकडाच्या पिल्लांना तारेची आणि कापडाची अशा दोन खोट्या आया दिल्या होत्या, ते वाचून रडू आलं. दूध तारेच्या आईकडं असलं तरी पिल्लं कापडाच्या आईलाच बिलगून बसायची. लेकाला जवळ घेताना माझे हात अवघडतात. तरी रोज घेते.

शहापूरची लेक
चिकोडीच्या ताई, घेत राहा. तुमच्या आईलाही कुणी घेतलं नसेल.

टिळकवाडी
माझं बाळ सातव्या महिन्यातलं, १४०० ग्रॅम. सिस्टरनी उघड्या छातीवर बांधून दिलं, कांगारू पद्धत. कोलंबियातल्या बोगोटात १९७८ च्या सुमारास सुरू झाली, बाळांना ऊब देणाऱ्या काचपेट्या कमी पडायच्या म्हणून. हातपाय गार असायचे, छातीवर घेतलं की ऊब धरायचे. आता सहावीत आहे.

खानापूर रोड
बहिणीला आठवा लागलाय, लवकर होईल म्हणतात. बापानं असं घेतलं तर चालतं काय?

टिळकवाडी
चालतं की. मी जेवायला उठले की आमचे हे घ्यायचे. पुढून उघडणारा सैल शर्ट न्यायला सांगा.