जीझिप जँगोत की एन्जिनएक्समध्ये?

फोंडेकर: फोंड्याकडच्या एका देवस्थानाच्या भक्तनिवासाची बुकिंग साइट आहे. मागे जँगो (पायथनमधली वेब-चौकट), पुढे एन्जिनएक्स (ब्राउझरची मागणी आधी घेणारा वेब-सर्व्हर). माझं मत: जीझिप कॉम्प्रेशन, म्हणजे पान दाबून लहान करून पाठवणं, एन्जिनएक्समध्येच करावं. पायथनच्या वर्करने बुकिंगं सांभाळावीत, बाइट दाबत बसू नये. मराठी पानांना ते हवंच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटांचं, काना-मात्रासुद्धा. पण हेक्समध्ये पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ नाहीतर ए५, म्हणून डिफ्लेटला (जीझिपच्या आतल्या दाबण्याच्या पद्धतीला) ते चांगलं दबतं. सत्तरीतल्या वाड्यावर रेंजची एकच दांडी असली की फरक कळतो.

म्हापसेकर: अहो, एन्जिनएक्सच्या सेटिंगमध्ये नुसतं 'जीझिप ऑन' लिहून भागत नाही. तेवढ्यावर फक्त एचटीएमएल दबतं. खोल्यांची जेसॉन यादी तशीच जाते, ती जीझिप_टाइप्समध्ये घालावी लागते. दाबण्याची लेव्हल मुळात १, ती ५ करा. जीझिप_व्हेरीही बंदच असतं, म्हणजे दबलेली आणि न दबलेली प्रत वेगळी ठेवा असं कॅशेला सांगणारं व्हेरी हेडर जात नाही. जँगोचं जीझिप-मिडलवेअर (प्रत्येक प्रतिसाद बाहेर जाताना दाबणारा थर) ते हेडर आपणहून लावतं आणि २०० बाइटांखालचं काही दाबत नाही. मिडलवेअरच्या यादीत सेशनच्या वर ठेवलं की झालं. शेअर्ड होस्टिंगवर एन्जिनएक्सला हात लावायला मिळतो कुणाला?

फोंडेकर: आणि ब्रीच? २०१३ पासून माहीत असलेला हल्ला. पानात गुप्त टोकन आणि यूआरएलमधून आलेला मजकूर दोन्ही असले, की दबलेल्या आकारावरून टोकन अक्षराअक्षराने ओळखता येतं. एचटीटीपीएस असूनही.

म्हापसेकर: फोंडेकरबाब, ते एन्जिनएक्सने दाबलं तरी तसंच होणार! उलट जँगो ४.२ पासून मिडलवेअर जीझिपच्या हेडरात १०० पर्यंत रँडम बाइट घालतं, आकार हलता राहतो. सीएसआरएफ टोकनही (फॉर्म आपल्याच साइटवरून आला हे पटवणारं) दर वेळी नव्याने मुखवटा घालूनच येतं. एन्जिनएक्सच्या जीझिपमध्ये ही सोय कुठे आहे?

काणकोणकर: डाउनलोडचं दोघेही विसरलात. मिडलवेअर कंटेंट-टाइप, म्हणजे प्रतिसाद कसला आहे, ते बघतच नाही. साधा जेपीजी प्रतिसाद दाबून बघतं, लहान झाला नाही तर मूळचा पाठवतं. पण फाइल पाठवणारा जँगोचा फाइलरिस्पॉन्स स्ट्रीमिंग (तुकड्यातुकड्याने जाणारा) असतो, तो मुकाट्याने दाबला जातो आणि कंटेंट-लेंग्थ, म्हणजे एकूण आकार सांगणारं हेडर, काढून टाकली जाते. मग ब्राउझरला किती टक्के उतरलं ते दाखवता येत नाही. झिप पुन्हा दाबून मिळतं काय? नुसता सीपीयू जळतो.

तिसरीच चूक टार-जीझेड (फाइली टारने एकत्र करून जीझिपने दाबलेल्या) बॅकअपची. जँगो ती फाइल ॲप्लिकेशन/जीझिप म्हणून पाठवतो, कंटेंट-एन्कोडिंग ('हे दाबलेलं आहे, उलगडून घे' असं ब्राउझरला सांगणारं हेडर) मुद्दाम लावत नाही. कुणी हाताने 'कंटेंट-एन्कोडिंग: जीझिप' लावलं, तर ब्राउझर वाटेतच उलगडतो. नाव टार-जीझेडच राहतं, आत नुसता टार. मग 'जीझिप फॉरमॅट नाही' अशी तक्रार येते आणि लोक फाइल खराब आहे समजतात.

फोंडेकर: एन्जिनएक्स सांगितलेले प्रकारच दाबतो, म्हणजे डाउनलोडपुरतं तरी माझंच बरोबर.

म्हापसेकर: डाउनलोडपुरतं, हो. सीएसएस-जेएस तर दोघांनीही दाबू नये. डिप्लॉयच्या वेळीच लेव्हल ९ ने जीझेड करून ठेवा आणि एन्जिनएक्समध्ये जीझिप_स्टॅटिक (आधीच दाबलेली फाइल तशीच देणारी सोय) चालू करा. लॉगिननंतरची पानं मात्र मी मिडलवेअरकडेच ठेवणार.