मदत हवी आहे: व्हॅसोप्रेसिन पेशींचं मॉडेल, स्पाइक जुळतात पण स्राव जुळत नाही

नमस्कार मंडळी,

मी गणितवाला, जीवशास्त्र कच्चं आहे, तेव्हा सांभाळून घ्या. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये व्हॅसोप्रेसिन (शरीरातलं पाणी राखणारं हार्मोन) सोडणाऱ्या पेशी असतात, त्यांचं मॉडेल पायथनमध्ये लिहितोय. आधार एडिंबरा विद्यापीठातल्या डंकन मॅकग्रेगर आणि गॅरेथ लेंग यांच्या २०१२ आणि २०१३ च्या पेपरांचा.

फायरिंगचा, म्हणजे पेशीने विद्युत ठोके (स्पाइक) सोडण्याचा, भाग जमलाय. साधी इंटिग्रेट-अँड-फायर पेशी (इनपुट साठत जाऊन मर्यादा ओलांडली की स्पाइक सोडणारी), तिच्यावर इतर पेशींकडून येणारं यादृच्छिक सिनॅप्टिक इनपुट. स्पाइकनंतरचं डीपोलरायझेशन (व्होल्टेज पुन्हा मर्यादेकडे सरकणं) तिला चालू ठेवतं, साठत जाणारं डायनॉर्फिन (पेशीनेच सोडलेलं, तिला दाबणारं रसायन) तिला गप्प करतं. अर्धाएक मिनिट फायरिंग, मग साधारण तेवढीच शांतता. उंदरांच्या रेकॉर्डिंगमध्ये दिसतं तसंच.

अडलंय ते स्रावापाशी. या पेशींची पिट्युटरी ग्रंथीत पोचणारी टोकं हार्मोन सोडतात, त्यांच्यासाठी दोन साठे धरलेत: लगेच सुटणारा छोटा आणि मागे मोठा राखीव. स्पाइक जवळजवळ आले की दर स्पाइकमागे जास्त हार्मोन सुटतं, पण फायरिंग लांबलं की छोटा साठा आटतो. इथवर ठीक. आता १०० पेशी घेऊन सगळ्यांचं इनपुट हळूहळू वाढवलं, म्हणजे रक्तातलं मीठ वाढल्यासारखं. प्रत्यक्षात व्हॅसोप्रेसिन ऑस्मोटिक दाबाबरोबर (तो रक्तातल्या मिठाबरोबर वाढतो) जवळपास सरळ रेषेत वाढतं. माझा आलेख आधी तळाशी लोळतो, मग एकदम चढतो आणि पठारावर जाऊन बसतो. साठा भरण्याचा वेग बदलला तर पठाराची उंची बदलते, आकार तोच.

साठ्यांची समीकरणंच बदलू का? आणि हाच सांगाडा ऑक्सिटोसिन (दूध उतरवणारं हार्मोन) सोडणाऱ्या पेशींना चालेल का?

प्रतिसाद १
समीकरणांना हात लावू नका. तुमच्या १०० पेशी म्हणजे एकाच पेशीच्या १०० झेरॉक्स आहेत, मग बेरजेचा आकार वेगळा कसा येणार? प्रत्येकीला वेगळ्या तीव्रतेचं इनपुट द्या, लॉगनॉर्मल विखुरणी (बहुतेक कमी, थोड्या खूप जास्त) घेऊन बघा. काही पेशी लवकर जाग्या होतील, काही पठारावर पोचतील, काही तेव्हाही गप्प असतील, आणि बेरीज सरळ होत जाईल. २०१३ च्या पेपरचा गाभा हाच आहे. शिवाय व्हॅसोप्रेसिन पेशी आपापल्या लयीत फायर करतात, म्हणून प्रत्येकीला वेगळा सीड (यादृच्छिक आकड्यांचा सुरुवातीचा अंक) द्या आणि सुरुवातीची काही मिनिटं मोजणीतून वगळा.

प्रतिसाद २
ऑक्सिटोसिनला सांगाडा चालेल, पण अर्धाच. पिलं दूध पीत असताना सगळ्या पेशी दर काही मिनिटांनी एकदम उसळतात, एक-दोन सेकंदच, पण वेग सेकंदाला ५० स्पाइकच्या आसपास. सुट्या पेशींच्या मॉडेलमधून हे निघणार नाही. पेशी डेंड्राइटमधूनही (आपल्या फांद्यांमधूनही) ऑक्सिटोसिन सोडतात आणि ते शेजारच्या पेशींना चेतवतं, ती जोडणी घालावी लागेल. रोसोनी आणि सहकाऱ्यांचा २००८ चा पेपर नेमका त्यावर आहे.

धागालेखक
वा! विखुरणी घातली, पठार बरंच मागे सरकलं. पण रेषा इतकी थरथरते की प्रयोगातल्या आकड्यांशी ताडून बघायची सोय नाही.

प्रतिसाद १
तुम्ही स्राव काढताय, प्रयोगात रक्तातलं प्रमाण मोजतात. मधे निचऱ्याचं, म्हणजे रक्तातून हार्मोन निघून जाण्याचं, समीकरण हवं. उंदरात व्हॅसोप्रेसिनचं अर्धायुष्य मिनिट-दोन मिनिटांचं असतं, तेवढ्याने बरीच थरथर जिरेल. उरलीच तर पेशी वाढवा, १०० तशा कमीच आहेत.