मदत हवी आहे : गॅस सेन्सरमध्ये पोस्टडॉक

नमस्कार मंडळी. मी तासगावची, भौतिकशास्त्रातली पीएचडी नुकतीच पूर्ण झाली. विषय अमोनिया सेन्सर. आता पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम, शोधतेय. आपल्याकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेज किती आहेत ते सांगायला नको. मोठ्या स्टोरेजमध्ये थंडाव्यासाठी बहुतेक अमोनियाच फिरतो. गळती वेळेत कळली नाही तर आतल्या हमालांच्या जिवावर बेततं. नेहमीच्या सेन्सरमधली वायू ओळखणारी टिन ऑक्साइडची फिल्म (पातळ थर) साधारण २०० ते ४०० अंशांना तापवावी लागते, शिवाय दमट हवेत रीडिंग सरकतं. मला खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या सेन्सरवरच पुढे काम करायचंय, विषय बदलायचा नाही.

पोस्टडॉकसाठीच्या युरोपच्या मेरी क्युरी फेलोशिपची अट बघितली: मागच्या ३६ महिन्यांत, ज्या देशात जायचं तिथं १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. त्यात मी बसते. अडलंय ते होस्ट प्राध्यापकापाशी, म्हणजे ज्यांच्या लॅबमध्ये काम करायचं त्यांच्यापाशी. मेलला उत्तरच येत नाही.

युरोप, कोरिया किंवा जपानात सेन्सरमध्ये पोस्टडॉक केलेलं कुणी आहे का इथं? पहिल्या मेलमध्ये काय लिहिलंत? प्रस्ताव लगेच जोडावा की उत्तर आल्यावर? आणि बेंगळुरूच्या आयआयएससीत किंवा आयआयटी मुंबईत या विषयावर काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर प्लीज सांगा. घरापासून जवळ असेल तर आईलाही बरं वाटेल.