सहावं वर्ष लागलं, गाडी अजून उतारावर उभी राहत नाही. रिलीज करू की थांबू?

उताराचा_मालक:

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं रडगाणं ऐकून घ्या.

मी एकटाच एक ड्रायव्हिंग सिम्युलेटर लिहितोय. नोकरी सांभाळून, रात्री दहा ते बारा आणि रविवारी जमेल तसं. सुरुवात केली तेव्हा घरी ‘दोन वर्षांत उरकतो’ असं छातीठोक सांगितलं होतं. आता त्या वाक्याची घरात नक्कल होते. व्हिडिओ बघून लोक म्हणतात, झालंय की सगळं! दिसायला झालंय. गाडी पळते, वळते, घसरते, धडकते. फक्त तिला उभं राहता येत नाही.

10 अंशांच्या उतारावर हँडब्रेक ओढून ठेवली की चाकं जागच्या जागी थरथरतात आणि मिनिटाभरात गाडी वीतभर खाली आलेली असते. यावर मी बरीच वर्षं एक लबाडी चालवली. वेग ताशी 12 किमीच्या खाली गेला आणि ब्रेक दाबलेला असला, तर गाडीला सरळ खिळा ठोकायचा, वेग शून्य. खेळणाऱ्याला पत्ता लागत नव्हता.

गेल्या महिन्यात म्हटलं, एकेक भाग सुटा तपासू. गाडी जॅकवर उचलल्यासारखी हवेत धरली आणि एका चाकाला 100 न्यूटन-मीटर टॉर्क एक सेकंद दिला. चाक 20 किलोचं, त्रिज्या 0.3 मीटर, भरीव चकती धरली तर इनर्शिया (फिरायला होणारा विरोध) 0.9. कागदावर 111 रेडियन प्रति सेकंद यायला हवे होते. स्क्रीनवर 28. बरोबर एक चतुर्थांश! कोड उघडला तर सूत्रात त्रिज्येच्या जागी व्यास बसलेला. म्हणजे इतकी वर्षं माझी चाकं चौपट जड फिरत होती, आणि मी त्याला ‘वजनदार फील’ म्हणून मिरवत होतो.

दहा वाजता दुरुस्त केलं. सव्वादहाला गाडी ताशी 45 च्या खाली आली की तापात हुडहुडी भरल्यासारखी कापायला लागली. त्यात चारही गाड्यांचा ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी), थ्रॉटलचा प्रतिसाद, ट्रॅक्शन कंट्रोल हे सगळं मी त्या चुकीच्या चाकांवर हाताने, रात्री जागून जुळवलेलं. एका ओळीने ते सगळं पाण्यात गेलं.

तर प्रश्न असा: तो बग परत घालून गेम सोडून देऊ? कुणाला कळणार नाही. की टायर मुळापासून लिहू आणि आणखी एक वर्ष घालवू? सगळं 240 हर्ट्झवर चालतं, म्हणजे सेकंदाला 240 वेळा हिशोब; पद्धत साधा ऑइलर, आत्ताच्या स्थितीवरून सरळ पुढची स्टेप काढायची.

थर्ड_गियर:

परत घाला आणि सोडा हो! मी साधा खेळणारा माणूस, मला व्यास-त्रिज्या कळत नाही. मी एका गेमची सात वर्षं वाट बघितली. दर अपडेटला ‘टायर सुधारले’ एवढंच लिहिलेलं असायचं. गाडी नवी नाही, ट्रॅक नवा नाही. शेवटी कंट्रोलर विकून टाकला. लोकांना खेळायला द्या, सुधारणा मागाहून करा.

टायरवाले_काका:

थर्ड_गियर, राग समजतो. पण ‘टायर सुधारले’ या दोन शब्दांमागे काय असतं ते या माणसाच्याच आकड्यांत बघा.

मालक, तुमचा बगच छप्पर धरून उभा होता. एका चाकावरचा भार 3000 न्यूटन धरू. स्लिप म्हणजे चाकाच्या फिरण्याच्या आणि रस्त्याच्या वेगातला फरक; टायरचा त्याला असलेला ताठपणा भाराच्या वीसपट धरला तर 60,000. त्याला त्रिज्येच्या वर्गाने, म्हणजे 0.09 ने गुणलं की 5400. चाकाचा वेग रस्त्याच्या वेगाशी जुळायला जो वेळ लागतो तो साधारण इनर्शिया गुणिले गाडीचा वेग, भागिले हे 5400. तुमची स्टेप या वेळेच्या दुपटीहून मोठी झाली की साधा ऑइलर फुटतो. 240 हर्ट्झ म्हणजे 4.17 मिलिसेकंदांची स्टेप. इनर्शिया 3.6 असताना ही हद्द येते ताशी 11 किमीवर, म्हणजे तुमच्या खिळ्याच्या बरोबर खाली. म्हणून कधी दिसली नाही. 0.9 केलात की तीच हद्द ताशी 45 वर. तुम्हाला हुडहुडी दिसली तो आकडा हाच.

आता ‘हर्ट्झ वाढवतो’ म्हणाल. 1000 केलेत तर हद्द परत ताशी 11 वर, 2000 ला साडेपाचवर. शून्यावर ती कधीच जाणार नाही, कारण स्लिप रेशोच्या (तोच फरक भागिले गाडीचा वेग) छेदात गाडीचा वेग बसलाय आणि उभ्या गाडीला तो नसतो. पासेयकांचं मॅजिक फॉर्म्युला, म्हणजे स्लिपवरून टायरचा जोर काढायचं सूत्र, ज्या शोधनिबंधातून 1987 मध्ये पुढे आलं, तो डेल्फ्टचं विद्यापीठ आणि व्होल्वो यांच्या कामातला. ते सूत्र फिरत्या टायरवर मोजलेल्या आकड्यांना बसवलेली वक्ररेषा आहे. उभ्या टायरबद्दल त्याला विचारणं म्हणजे झोपलेल्या माणसाला त्याच्या धावण्याचा वेग विचारणं.

उपाय जुना आहे. बर्नार्ड आणि क्लोव्हर यांनी 1995 मध्ये कमी वेगाच्या टायरवर निबंध लिहिला, तो मिळवा. थोडक्यात: टायर म्हणजे रस्त्याला टेकलेली स्प्रिंग समजा. स्लिप एका झटक्यात लागू करू नका, चाक साधारण 40 सेंमी पुढे जाईपर्यंत भरत जाऊ द्या. आणि आधी वेग काढून मग त्या नव्या वेगाने स्प्रिंगचा ताण काढा, म्हणजे 240 हर्ट्झही पुरतील. नुसती स्प्रिंग घातलीत तर तुमची 1200 किलोची गाडी (वजन मी आपला अंदाज केला) सेकंदाला अडीच वेळा पाळण्यासारखी झुलत बसेल, तेव्हा डँपिंग, म्हणजे झुलणं जिरवणारा विरोध, विसरू नका.

तपासायला एक आकडा देतो. 10 अंशांवर 1200 किलो म्हणजे उताराच्या दिशेने साधारण 2040 न्यूटन. हँडब्रेक मागच्या दोन चाकांवर, प्रत्येकी 1020. प्रत्येक टायरच्या स्प्रिंगचा ताठपणा 60,000 भागिले 0.4 (ते 40 सेंमी), म्हणजे मीटरला दीड लाख न्यूटन. गाडी 7 मिलिमीटर खाली बसून थांबली पाहिजे. तेवढं आलं की खिळा काढून टाका.

बीम_आणि_नोड:

उशिराबद्दल थोडं. बीमएनजी.ड्राइव्ह हा ड्रायव्हिंग सिम्युलेटर 2013 पासून लोकांच्या हातात आहे, 2015 मध्ये स्टीमवर अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला, आणि नंतर दहा वर्षं अपडेट येत राहिले तरी आवृत्तीचा आकडा शून्य पॉइंटनेच सुरू होत राहिला. तिथे आख्खी गाडी वस्तुमानाचे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगांची, फिजिक्स सेकंदाला 2000 वेळा. लाइव्ह फॉर स्पीड तर तीन जणांचा गेम. पहिला टप्पा ‘एस 1’ 2003 मध्ये, दुसरा ‘एस 2’ 2005 मध्ये, आणि पुढे नव्या टायर फिजिक्सवर वर्षानुवर्षं काम. मालक, तुम्ही एकटे आहात. सहावं वर्ष म्हणजे काहीच नाही हो. (हे घरी वाचून दाखवू नका.)

माझं मत: बग घालून सोडू नका, पण गप्पही बसू नका. जुनी आवृत्ती ‘जुनी चाकं’ नाव देऊन तशीच खेळायला ठेवा आणि नवी शेजारी वाढू द्या. थर्ड_गियरसारख्यांना काहीतरी मिळेल.

थर्ड_गियर:

हे चालेल. ‘जुनी चाकं’ मी घेतो.

उताराचा_मालक:

नऊ दिवसांनी येतोय. काका, तुमच्या पद्धतीने टायर लिहिला. वजनाचा अंदाज बरोबर निघाला, 1200 च. हुडहुडी गेली. खिळा काढला, उतारावर उभी केली, श्वास रोखून बघत बसलो. सरकत नाही! एकदा मागे बसते, हलकेच डोलते, थांबते. खऱ्या गाडीत ब्रेक धरून थांबल्यावर पाठीला जो छोटा हेलकावा बसतो ना, अगदी तसा. तो मी कुठेही लिहिलेला नाही, आपोआप आला. रात्री पावणेबाराला घरच्यांना उठवून दाखवला. त्यांना उभी गाडी दिसली.

पण 7 मिलिमीटर येईनात. 13.6 येत होते, आणि गाडी थांबताना नाक किंचित वळवत होती. दोन दिवस डँपिंगवर संशय घेतला. मग तुमचा भागाकार परत केला: 2040 भागिले दीड लाख, 13.6. म्हणजे सगळा भार एकाच चाकावर. मागच्या डाव्या चाकाला हँडब्रेक जोडलेलाच नव्हता. पहिल्या दिवसापासून. खिळ्यामुळे कधी गरजच पडली नाही.

आता 6.8 येतात. ‘जुनी चाकं’ रविवारी चढवतो.

थर्ड_गियर:

आणि नवी कधी?

उताराचा_मालक:

आज ब्रेक बायस घेतलाय. पहिली गाडी. अजून तीन आहेत.